गारखिंडीत धक्का देणारा

आधीच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, आणि पुस्तकातले भारी शब्द मला येत नाहीत. गोष्ट आमच्या वाडीतल्या सोमाबाबांची आहे. थंडीत शेकोटीभोवती माणसं बसली की ते सांगतात आणि मी मागे बसून ऐकतो. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून काढली. बाबा सांगतात तशीच लिहिली आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

ऐका रे. जवळ सरका. त्या पोरीला आत घ्या, पाठ उघडी पडलीय तिची. हं. आता मधे कोणी उठायचं नाही. उठायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन या. ऐका.

आंबेविहिरीचा लहानू इदे. पोटासाठी जीप चालवायचा. जीप म्हणजे आपली नावाला जीप. मूळ रंग कोणता ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर ताडपत्री, मागे दोन बाकडी, दाराला कडीऐवजी सुतळी. सगळे तिला म्हातारी म्हणायचे. उन्हाळ्यात म्हातारी बरी चालायची. पण थंडी पडली की तिचं काही खरं नसायचं. डिझेलचं इंजिन, त्यात जुनं. एकदा गारठलं की पेटत नाही म्हणजे नाही!

म्हणून लहानू जीप कायम उतारावर लावायचा. लग्नाला गेला तरी आधी उतार शोधायचा, मग मांडव. सकाळी ब्रेक सोडायचा, जीप गडगडायला लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन पेटलं. उतार नसला तर माणसं ढकलायची.

आणि ढकलायची एक रीत होती, ती नीट ऐका. इंजिन पेटलं की ड्रायव्हर थांबायचा नाही. थांबला तर थंड इंजिन परत बंद. ढकलणाऱ्यानं पळत पळत मागच्या पायदानावर उडी मारायची, आत चढायचं आणि पत्रा दोनदा वाजवायचा. धप् धप्! म्हणजे मी चढलो, आता जाऊ दे. ड्रायव्हर मागे वळूनही बघायचा नाही. पत्रा वाजला की निघाला. कोणी वाजवला, काय वाजवला, कोण बघतंय?

लहानूची बायको तुळसा. तिला एकच भाऊ, गंगाराम. राहायला वर डोंगरावर, वांजुळमाथ्याला. त्याला टीबी होऊन गेलेली. औषधानं बरा झाला, पण एका बाजूचं फुफ्फुस कामातून गेलं ते गेलंच. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, याला गारठ्यात ठेवू नका. एक रात्र उघड्यावर काढली तर सकाळ बघणार नाही. आणि त्या साली पौषात थंडी अशी पडली, की हंड्यातल्या पाण्यावर काच धरायची. डोंगरावर तर विचारूच नका. गंगारामचा खोकला थांबेना. तुळसा नवऱ्याला म्हणाली,

"जा आणि त्याला खाली घेऊन या. थंडी सरेपर्यंत इथंच राहील. पण दिवसाउजेडी आणा हं. एवढा एकच राहिलाय मला."

लहानू म्हणाला, "आणतो ना. तुझा भाऊ म्हणजे काय काचेचा ग्लास हाय?"

"काचेचाच हाय," ती म्हणाली. "जपून आणा."

गेला. दुपारी पोचला. चहा झाला, जेवण झालं. गंगारामची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरी हा एकटा आणि एक म्हैस. म्हैस शेजाऱ्याकडे सोपवायची होती. पण ती म्हैस दुसऱ्याला धार देईना! शेजारी बसला की लाथ. शेजारीण बसली की लाथ. शेवटी संध्याकाळची धार गंगारामनंच काढायची आणि मग निघायचं असं ठरलं. म्हैस संध्याकाळ झाल्याशिवाय पान्हा सोडेना. बसले दोघे तिच्या तोंडाकडे बघत. निघाले तेव्हा दिवस बुडालेला होता.

आता रस्ते दोन. एक धरणाला वळसा घालून जातो, लांबचा, पण राबता. दुसरा गारखिंडीतून. जवळचा. खिंड ओलांडली की नुसता उतार, आणि उताराच्या पायथ्याशी आंबेविहीर. गारखिंडीतून दिवस बुडाल्यावर कोणी जात नाही हे लहानूला ठाऊक नव्हतं का? होतं! पण मागे बसलेला माणूस खोकत होता. लहानूनं विचार केला, वळशानं गेलो तर हा अर्धी रात्र गारठ्यात. खिंडीतून गेलो तर जेवायला घरी. भल्यासाठीच केलं हो त्यानं. तिथंच चुकला.

निघाले. गंगाराम मागच्या बाकड्यावर, काळी घोंगडी गुंडाळून. मधे नुसती लोखंडी जाळी. इंजिन भडभडतंय, ताडपत्री फडफडतेय, आणि मागे ह्याचा खोकला. खॉक् खॉक् खॉक्.

"दाजी," गंगाराम म्हणाला, "तुमची म्हातारी माझ्यापरास जास्त खोकतीया."

"खोकू दे. चालती तर हाय. तू चालशील का आंबेविहिरीपतोर?"

"आक्का म्हणत होती, तुम्ही पैसे आले की आधी हिला नवा पट्टा आणता. आक्काला लुगडं नाय आणत."

"तुझ्या आक्काला ढकलावं लागत नाय," लहानू म्हणाला, "ती आपसूकच सुरू होती."

गंगाराम हसला. हसताना परत खोकला लागला. मग बराच वेळ नुसता खोकलाच.

खिंड आली. तुमच्यातले काही गेले असतील दिवसा. दोन्ही बाजूंना काळा कडा, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता, तोही सपाट. उतार सुरू होतो तो पलीकडे, कडा संपल्यावर. वारा तिथून असा येतो की अंगावर कपडे आहेत का नाहीत ते कळत नाही. आणि रस्त्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दगड मांडलेले!

दरड नव्हे बरं का. मांडलेले. एकाला एक लावून.

लहानूनं ब्रेक मारला. "कोणाला धंदा नव्हता रं?" इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरला, दगड उचलून बाजूला टाकायला लागला. दगड असे गार की हाताची सालं निघावीत. शेवटचा दगड टाकला, आणि इंजिन बंद.

एकदम शांत.

पळत आला. बघतो तर चावी फिरवलेली! बंद करून ठेवलेली.

"गंगाराम, चावीला हात लावलास का रं?"

"मी? मी हितं मागं हाय दाजी. मधे जाळी हाय. माझा हात काय एवढा लांब हाय?"

लहानू सीटवर बसला. चावी अर्धी फिरवून धरली. अर्धी चावी फिरवली की इंजिनाच्या पोटात तारा तापतात, त्याला ड्रायव्हर लोक हीटर म्हणतात. थंडीत आधी हीटर घ्यायचा, मग स्टार्टर मारायचा. घेतला हीटर. मारला स्टार्टर.

टक्.

परत मारला. टक्. एवढंच. दिव्यांचा उजेड होता तो पिवळा पडला, मग लाल, मग गेला.

बॉनेट उघडलं. टॉर्च दातात धरला. बॅटरीची वायर निघून खाली लोंबत होती. धक्क्यानं निघाली असेल म्हणाला. बसवली, पान्यानं आवळली. घट्ट आवळली. परत येऊन चावी मारली. टक्. परत जाऊन बघतो तर वायर खाली! आत्ता आवळलेली वायर! परत आवळली. या वेळी तिथंच उभा राहिला, डोळे लावून. वायर जागची हलली नाही. म्हणाला, चला. पाठ फिरवली. दोन पावलं टाकली. मागे लोखंडावर पाना फिरल्याचा आवाज. कर्रर्र.

पाना तर त्याच्या हातात होता!

घाम फुटला त्याला. त्या थंडीत घाम! पण लहानूनं ते दाखवलं नाही. मागे आजारी माणूस आहे. तो घाबरला तर श्वास कोंडेल. म्हणाला, "काय नाय रं, जरा गारठलीया." वायर सुतळीनं बांधून टाकली आणि दुसरा उपाय धरला.

डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन पेटत नाही. मग एक छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात. बुडबुडे संपले आणि निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. लहानू बसला पंप दाबत. बुडबुडे आले. दाबतोय, दाबतोय. बुडबुडे येतातच आहेत. बोटं बधिर झाली, दुसऱ्या हातानं दाबायला लागला. बुडबुडे येतातच आहेत! आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पंप थांबवला तरी ते येत होते. थोडे यायचे, थांबायचे. परत थोडे यायचे, थांबायचे. जसा आपण श्वास घेतो आणि सोडतो ना, तसं. त्या नळीत कोणीतरी श्वास घेत होतं.

ए, शेकोटीत एक फाटी टाक रे. विझायला आली.

तर ऐका. लहानूनं स्क्रू कसाबसा आवळला. मागून आवाज आला, "दाजी, होईल का?" आवाज बारीक झाला होता.

"होईल, होईल."

"मला बोटं जाणवंनात."

"बोटं काखेत घाल. आत्ता निघतो बघ."

शेवटचा उपाय राहिला. चिंधीचा बोळा डिझेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी धरायचा. गरम हवा आत गेली की मेलेलं इंजिनसुद्धा पेटतं. लहानूनं बोळा केला. काडी ओढली. पेटली. बोळ्याला लावली. बोळा पेटला! असा उजेड पडला कड्यावर, जरा बरं वाटलं त्याला. उजेडात हात शेकले. आणि त्याच्या कानाशी, अगदी कानाशी, कोणीतरी फुंकर मारली.

फू.

बोळा विझला. दुसरी काडी ओढली. फू. तिसरी. फू. मग काडी ओढलीच जाईना. पेटी ओली! त्याच्या खिशातली पेटी, कोरडी ठणठणीत, ती ओलीचिंब झाली होती.

लहानू बॉनेटला टेकून उभा राहिला. मोठा माणूस, पण रडू आलं त्याला. भुतामुळे नाही हो. मागं तो खोकला बसत चालला होता. आधी मोठा होता, आता बारीक, कोरडा. आणि रात्र अजून पुढे पडलेली. पायी जावं तर गंगारामला चालवणार नाही. ठेवून जावं तर कोणाजवळ ठेवायचं?

मग त्याला उतार आठवला. खिंड संपली की उतार. तिथपर्यंत जीप सपाटीवर ढकलत न्यायची, की पुढे आपसूक. पण एकट्यानं जीप हलत नाही. त्यानं मागे जाऊन गंगारामला सांगितलं.

गंगारामनं घोंगडी काढून बाकड्यावर ठेवली. "घोंगडी घेऊन ढकलता येत नाय दाजी. पायात येती."

"तू नुसता हात लाव. जोर मी लावतो."

"आता मी जोर लावला म्हणून काय मरतो का?" असं म्हणून तो खाली उतरला. पाय लटलट कापत होते त्याचे.

लहानू पुढे, दाराच्या चौकटीला खांदा लावून, एक हात स्टिअरिंगवर. गंगाराम मागे. "हं! जोर!" जीप हलली नाही. "जोर!" जरा हलली. परत मागे. "जोर रं गंगाराम!" आणि अचानक जीप हलकी झाली. एकदम हलकी! जशी रिकामी हातगाडी. लहानूला वाटलं, शाबास रे पठ्ठ्या! आणि ओरडला, "शाबास! ढकल! ढकलत राहा! घरी नेतो बघ तुला!"

कोणाला म्हणाला? मेव्हण्याला म्हणाला. पण ऐकलं कोणी, ते पुढे ऐका.

जीप पळायला लागली. कडा संपला. उतार लागला. लहानूनं उडी मारली आत, दुसरा गिअर, क्लच सोडला. एक धक्का, दुसरा धक्का, आणि भड्ड! पेटलं! इंजिन पेटलं! काळा धूर, आवाज, सगळी जीप थरथरतेय. लहानूनं पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. आणि मागून,

धप् धप्!

"चढलो दाजी! चला!"

गंगारामचाच आवाज. अगदी त्याचाच. लहानूनं मागे बघितलं नाही. रीतच होती ना. गेला.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिनाची ऊब पायाला लागली. दिवे आले. लहानूचा जीव भांड्यात पडला. देवाचं नाव घेतलं. आरशात बघितलं, तर मागे बाकड्यावर घोंगडी गुंडाळून बसलेला दिसला. डोक्यावरून घोंगडी घेतलेली.

"बरं वाटतंय का रं?"

"बरं वाटतंय दाजी."

"थोडा वेळ कळ काढ. घरी गेलो की आक्का शेगडी लावून देईल."

"लई दिवसांनी बसलो गाडीत," मागचा म्हणाला.

लहानू हसला. म्हणाला, "संध्याकाळपास्नं तर बसलायस." आणि म्हणता म्हणता त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते कळेना. इंजिन चालू आहे, दिवे चालू आहेत, सगळं चालू आहे. मग काय नाही? काहीतरी नाही.

खोकला नव्हता.

उतार लागल्यापासून एकदाही नाही.

लहानूनं विचारलं, "गंगाराम... खोकला थांबला का रं तुझा?"

"थांबला," मागचा म्हणाला. "कवाच थांबला. त्याच रात्री."

लहानूनं आरशात बघितलं. घोंगडीच्या आत तोंड असायला हवं तिथं नुसता काळोख होता. आणि तो काळोख बोलत होता. ओरडत नव्हता, हसत नव्हता. आपल्या शेजारी बसून माणूस सुखदुःख सांगतो ना, तसा.

"एक गाडी होती. अशीच बंद पडलेली. मी ढकलली. पेटली. गाडीवाला म्हणाला, वळणावर थांबतो, ये. मी पळत गेलो. वळणावर कोणी नव्हतं. मग पुढच्या वळणावर गेलो. तिथंबी नव्हतं. लई गार होतं. मग मी परत खिंडीत गेलो, म्हटलं, तो आणायला परत येईल."

लहानूचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता.

"तू बरा हायस," मागचा म्हणाला. "तू म्हणालास, घरी नेतो. आता थांबू नको. थांबलास की बंद पडंल."

आणि ते खरं होतं! हेच तर वाईट. थांबला तर बंद पडणारच होतं. वळवायला जागा नाही, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. चालू गाडी खाली गेली तर लहानू घरी. पण वर खिंडीत, सदरा आणि पायजमा एवढ्यावर, तुळसाचा भाऊ. घोंगडीसुद्धा इथं राहिलेली. एक रात्र म्हणजे शेवटची रात्र.

लहानूनं ब्रेक दाबला.

इंजिन खोकलं आणि बंद झालं.

"नको," मागून आवाज आला. "नको रं. परत नको."

लहानू उतरला, चाकाखाली दगड सारला, मागे गेला. हातात टॉर्च होता, तो लावायची छाती झाली नाही. घोंगडी पाहिजे होती त्याला. घोंगडीशिवाय वर जाऊन उपयोग नव्हता. त्यानं डोळे मिटले, हात आत घातला आणि घोंगडीचं टोक धरून ओढलं.

आतून कोणीतरी धरून ठेवली.

अरे, काय सांगू तुम्हाला! हा इकडून ओढतोय, तो तिकडून. घोंगडी बर्फासारखी. आणि आतला रडतोय. "मला थंडी वाजती रं. मला थंडी वाजती." लहान लेकरासारखा. लहानूनं पाय पायदानाला रोवले आणि हिसडा मारला. घोंगडी सुटली. हाताला हात लागला म्हणतात एकदा, त्या हाताला वजन नव्हतं, नुसता गारवा होता. लहानू घोंगडी छातीशी धरून वर पळत सुटला.

चढ. अंधार. टॉर्च पळताना पडला तो पडलाच. आणि खालून हाक, "दाजी! अवो दाजी! मी हितं खाली हाय, जीपपाशी! कुठं चालला?" गंगारामचा आवाज! लहानू थांबला. परत हाक. मग डावीकडून दरीतून, "दाजी, पडलो, हात द्या!" मग कड्यावरून. तिन्हीकडून मेव्हणा हाका मारतोय. कोणता खरा?

लहानू रस्त्यातच बसला. कान झाकले. मग त्याच्या मनात आलं, ह्याला हाका मारता येतात. खोकता येत नाही. त्यानं कान उघडले आणि हाकांकडे ध्यान न देता नुसता खोकला ऐकत राहिला.

काहीच नाही. हाका, वारा. काहीच नाही.

मग वर, खूप वर, खॉक्.

एकदाच.

पळाला. पडला, गुडघा फुटला, उठला. खिंडीच्या तोंडाशी आला तोवर तो खोकलाही थांबला. अंधारात हातापायांवर चालत चाचपडतोय. दगड, दगड, दगड. आणि एक दगड मऊ लागला. गंगाराम होता. गुडघ्यात डोकं घालून बसलेला. दातखीळ बसलेली. हलवलं तर आख्खाच्या आख्खा हलला, लाकडासारखा.

लहानूनं सदरा काढला, त्याला घातला. घोंगडी दोघांभोवती घेतली, त्याला पोटाशी धरलं, पाठ चोळायला लागला. "गंगाराम, बोल. ए गंगाराम. तुझी आक्का काय म्हणंल मला? बोल ना रं. शिव्या दे. म्हातारीला नावं ठेव. काहीबी बोल." तो बोलेना. नाकाशी गाल नेला तर श्वास होता. नव्हता. होता. लहानूला सांगता येईना.

आणि समोर काहीतरी येऊन बसलं.

दिसलं नाही. पण बसल्याचं कळलं. रात्रभर ते तिथंच होतं. अंगाला हात लावला नाही, भेवडावलं नाही. नुसतं म्हणत राहिलं, "थोडी जागा दे. घोंगडी मोठी हाय. थोडी जागा दे." लहानूनं उत्तर दिलं नाही. त्याला माहीत होतं, एक शब्द दिला तर तो आत आला. आणि तो आत आला तर गंगारामची ऊब गेली. लहानू मेव्हण्याची पाठ चोळत राहिला. हात चालेनात तेव्हा तोंडानं ऊब देत राहिला. समोरचा विनवत राहिला. लहानू नंतर सांगायचा, भुताची भीती एका घटकेत संपली बाबा. पण ते विनवणं सोसवत नव्हतं.

तांबडं फुटलं तेव्हा आवाज थांबला. सगळीकडे गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. समोर एका माणसाएवढी जागा तेवढी हिरवी राहिलेली.

वाचला का म्हणतोस? गंगाराम? वाचला रे. म्हणजे जीव राहिला. बोटं काळी पडली होती, ती डॉक्टरनं काढली. त्यानंतर त्याची म्हैस त्यालाही धार देईना. हाताची ओळखच राहिली नाही तिला.

तर पोरांनो, ध्यानात ठेवा. दिवस बुडाल्यावर गारखिंडीतून जायचं नाही. मरण ओढवलं असलं तरी धरणाच्या वळशानं जा. आणि गेलातच, गाडी बंद पडलीच, ढकलताना ती एकदम हलकी झाली, तर तोंडातून शब्द काढू नका. शाबासकी देऊ नका, घरी नेतो म्हणू नका. आणि मागून पत्रा वाजला तर माणसाचं तोंड बघितल्याशिवाय निघू नका. इंजिन बंद पडो, नाहीतर जळो. तोंड बघा.

एवढं सांगून सोमाबाबा उठतात. पण सकाळचं राहिलेलं असतं. ते बाबा रोज सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात.

सकाळी लहानूनं गंगारामला पाठुंगळीला घेतलं आणि उताराच्या वाटेनं जीपपर्यंत आणलं. पुढच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून बसवलं, सुतळीनं सीटला बांधलं. दगड काढला, जीप गडगडली, दुसरा गिअर, क्लच. इंजिन पेटलं, पण कसं, एका सिलिंडरवर धडपडत. पाय जरा उचलला की मरायला टेकत होतं. लहानूनं पाय उचलला नाही.

खालच्या वळणावर एक म्हातारा उभा होता. खांद्याला पिशवी, हातात काठी. कानावर मफलर गुंडाळलेला. जीप बघून त्यानं हात वर केला.

ऊन पडलं होतं. रस्त्यावर त्याची लांब सावली पडली होती.

गंगारामनं डोळे उघडले होते. तो रात्रीनंतर पहिल्यांदा बोलला. "दाजी, माणूस हाय. सावली हाय त्याला. घ्या."

"थांबलो तर बंद पडंल," लहानू म्हणाला.

म्हातारा रस्त्यात दोन पावलं पुढे आला. हात वरच होता. तोंडानं काहीतरी म्हणत होता, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

लहानूनं हॉर्न दाबून धरला, म्हाताऱ्याला बाजूला व्हायला लावलं, आणि जीप तशीच पुढे काढली.